घोरतोय, झोपू दे त्याला

"रात्री दोन वाजता मी उठले होते रे. दाराला कान लावला. घोरत होता. म्हटलं, घोरतोय, झोपू दे त्याला. किती दिवसांनी घरात शांत झोपलाय."

आमच्या ओळखीतल्या एक काकी तेराव्याच्या आदल्या दिवशी मला हे सांगत होत्या. ओळख पटू नये म्हणून मी दोन-तीन तपशील बदललेत, पण वाक्य तेच आहे. मुलगा तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून चतुर्थीला घरी आला होता. अंगावर मांस चढलेलं, चेहऱ्यावर तेज. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला तोच शिडीवर चढला. पाचव्या रात्री गेला. सकाळी दार फोडावं लागलं. गावात सांगितलं गेलं, झोपेत हार्ट अटॅक आला.

माझं बार्देशात औषधांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. काकींनी ऐकलेला तो आवाज झोपेचा नव्हता हे मला ऐकताक्षणी कळलं. त्यांना मी ते सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. पण ज्यांच्या घरात आज असं मूल आहे त्यांना ते सांगायलाच हवं. आपण गोव्यात ड्रग्सबद्दल भरपूर बोलतो. किनारे, पार्ट्या, पोलिसांचे छापे, किती लाखांचा माल पकडला, सगळं रोज पेपरात येतं. माणूस नेमका मरतो कसा, आणि मरण्याआधी किती वेळ हातात असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

तो आवाज कसला असतो

अफूच्या बोंडातून निघणारी आणि अफूसारखंच काम करणारी औषधं हा एक मोठा परिवार आहे. अफू, मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन हे त्यातले जुने. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल हे कारखान्यात बनलेले. रस्त्यावर पुडीत मिळणारी ब्राउन शुगर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची गर्द, हे भेसळीचं हेरॉइन. या सगळ्यांना मी इथे अफूवर्गीय म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ६ लाख मृत्यू अमली पदार्थांशी जोडलेले होते, आणि त्यातल्या जवळपास ८० टक्के मृत्यूंमध्ये अफूवर्गीय पदार्थ होते. त्यामुळे समजून घ्यायचं तर आधी यांनाच.

आपल्याला वाटतं, ऑक्सिजन कमी पडला की शरीर श्वास ओढतं. प्रत्यक्षात मुख्य इशारा दुसराच असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की मेंदूच्या तळाशी, मानेच्या जरा वर असलेल्या भागाला ते कळतं आणि तो छातीला हुकूम सोडतो, घे श्वास. आपण झोपलेलो असताना हा पहारेकरी जागा असतो. अफूवर्गीय औषध दुखणं मारतं, जिवाला उब देतं, आणि त्याच वेळी या पहारेकऱ्याचे कान बंद करतं. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, पण हुकूम सुटत नाही. मिनिटाला पंधरा श्वास घेणारा माणूस दहावर येतो, मग सहावर, मग तीनवर.

गुदमरणारा माणूस तडफडतो, कारण त्याला गुदमरल्याचं कळतं. इथे ते कळणारा भागच सुन्न झालेला असतो. म्हणून ना धडपड, ना हाक. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि त्या अरुंद वाटेतून हवा कशीबशी जाताना खोल, घरघरणारा, मध्येच तुटणारा आवाज येतो. तेच ते घोरणं. शेजारच्या खोलीतल्या आईला त्यात गाढ झोप ऐकू येते. खरं तर तो श्वासनलिका मिटत चालल्याचा आवाज असतो.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सुई टोचली आणि तिथेच प्राण गेला असं सिनेमात दिसतं. तसंही कधी होतं, विशेषतः फेंटानिलसारख्या फार जोरकस पदार्थाने. पण हेरॉइनच्या बऱ्याच मृत्यूंमध्ये घेतल्यापासून श्वास थांबेपर्यंत एक ते तीन तास जातात. गोळ्या गिळल्या असतील तर त्याहूनही जास्त. म्हणजे त्या रात्री वेळ होता. आणि बहुतेक वेळा घरात, खोलीत, जवळपास कोणीतरी असतं.

तेवढीच पुडी, पण अंग बदललेलं

मला 'ओव्हरडोस' हा शब्द आवडत नाही. त्यात आरोप आहे. जास्त घेतली म्हणून मेला, असं तो शब्द म्हणतो. काकींच्या मुलाने जास्त घेतली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी जेवढी घ्यायचा तेवढीच, किंवा थोडी कमीच घेतली असेल. म्हणून मी विषबाधा म्हणतो. काल जे पचत होतं ते आज विष ठरलं.

हे कसं होतं ते सांगायला मला खाजनापेक्षा चांगली उपमा सापडलेली नाही. मांडवी किंवा शापोराच्या काठची खाजन शेतं पाहिली असतील. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानस असते. रोज नशा घेणाऱ्याचं शरीर असाच बांध आपणहून घालतं. पदार्थ रोज येतोय म्हटल्यावर पेशी त्याला कमी प्रतिसाद द्यायला लागतात. माणूस मात्रा वाढवतो, शरीर बांध वाढवतं. नवख्याचा जीव जाईल एवढी मात्रा घेऊन तो कामावर जातो, जेवतो, बोलतो. याला सहनशक्ती वाढणं म्हणतात.

भरती बंद झाली की शरीर हा बांध ठेवत नाही. थोड्याच दिवसांत तो खचायला लागतो, आणि काही आठवडे स्वच्छ राहिलेल्या माणसाचा बांध जवळपास नवख्याइतका खाली आलेला असतो. मनातली आठवण मात्र जुन्याच उंचीची. आपल्याला किती लागतं हे त्याला माहीत असतं, आणि तेच माहीत असणं घातक ठरतं. तो हाताला ओळखीची पुडी उघडतो, जुन्या उंचीची भरती येते, पण बांध नाही.

आणखी एक बारकावा. बांध सगळीकडे सारखा वाढत नाही. झिंग चढण्याविरुद्ध तो भराभर वाढतो, श्वास मंदावण्याविरुद्ध हळू. म्हणजे रोज घेणाराही जुनी मजा गाठायला मात्रा वाढवत राहतो आणि दर पायरीला श्वासाच्या काठाजवळ सरकतो. सराईत आहे, त्याला काही होत नाही, हे म्हणूनच खरं नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ड्रग्सच्या विषबाधेने मरण्याचा त्यांचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. तुरुंगात नशा तुटते, बांध खचतो, आणि सुटका झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जुने मित्र भेटतात. कोलवाळच्या कारागृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाचं शरीर याहून निराळ्या नियमाने चालत नाही. केंद्रातून, इस्पितळातून किंवा चार महिने बोटीवर काढून घरी येणाऱ्याचंही नाही.

एक प्रयोग मला फार अस्वस्थ करतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. उंदरांना हेरॉइनची सवय लावली, आणि मग सगळ्यांना एकसारखी मोठी मात्रा दिली. ज्या जागी रोज मिळायचं तिथेच मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले. तीच मात्रा अनोळखी जागी दिली तेव्हा ६४ टक्के. कधीच सवय नसलेले जवळपास सगळे. म्हणजे बांधाचा काही भाग जागेशी, वेळेशी, सवयीशी बांधलेला असतो. ओळखीची खोली दिसली की शरीर आधीच कंबर कसतं. नव्या खोलीत ते बेसावध पकडलं जातं. हंगामात कामाला दुसऱ्या गावी गेलेला, लॉजवर उतरलेला, भाड्याची जागा बदललेला माणूस यात येतो.

पुडी, पेग आणि पत्ती

पुडीवर लेबल नसतं. माझ्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर किती मिलिग्रॅम हे छापलेलं असतं, आणि तरी लोक चुकतात. पुडीत हेरॉइन किती, भेसळ किती, आणि भेसळ कशाची हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गेल्या आठवड्यातली पुडी हलकी आणि आजची दुप्पट कडक असू शकते. अमेरिकेत हेरॉइनमध्ये आणि नकली गोळ्यांमध्ये फेंटानिल मिसळलं गेलं, जे हेरॉइनच्या सुमारे ५० पट जोरकस आहे, आणि तिथे २०२१ पासून सलग तीन वर्षं दर वर्षी १ लाखावर माणसं ड्रग्सच्या विषबाधेने गेली. नुसती गोळी पाहून ती खरी की नकली हे ओळखणारा मुलगा अजून जन्माला यायचाय.

पण माझ्या अनुभवात गोव्यातला खरा धोका मिसळण्यात आहे. दारू इथे शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आहे आणि कोपऱ्यावर आहे. मार्च ते मेमध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा हंगाम. घरात फेणीची बाटली असतेच, अंगाला चोळायलाही. दारू पण त्याच पहारेकऱ्याला गुंगी आणते. झोपेची आणि घबराटीची औषधं, अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, हीसुद्धा. नसांच्या दुखण्यासाठी देतात ते प्रीगाबालिनही. यातलं प्रत्येक एकेकटं घेतलं तर बहुधा निभावतं. अफूवर्गीयासोबत घेतलं की परिणामांची नुसती बेरीज होत नाही, त्याहून जास्त वाढतो. अर्धी पुडी, दोन पेग आणि पत्तीतल्या दोन गोळ्या: तिन्ही 'थोड्याच' होत्या, असं नंतर घरचे सांगतात, आणि ते खरंच सांगत असतात.

इथे माझ्या धंद्याबद्दल एक बोलतो. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, कारण दुखण्याची ही गोळी नशेसाठी वापरली जात होती. मात्रा वाढली की तिने आकडीही येते. चिठ्ठीशिवाय पत्ती मागायला येणारा ओळखीचा मुलगा काउंटरवर उभा असतो तेव्हा नाही म्हणणं सोपं असतं, पण नुसतं नाही म्हणून त्याला रस्त्यावर सोडणं मला पुरेसं वाटत नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारतो, टर्की लागलीय का. नशा तुटल्यावर अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, पोटात कळा येतात, त्याला ही मुलं टर्की म्हणतात. हो म्हणाला की बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा रस्ता सांगतो. दहातले एक-दोन जातात.

पार्टीतलं मरण वेगळं

एक्स्टसी, मेथ, कोकेन यांचा परिवार उलटा. अफू विझवते, हे पेटवतात. यात श्वास थांबून मरण येत नाही; हृदयाचे ठोके बिघडतात, मेंदूत रक्तस्राव होतो, किंवा अंग तापतं. एक्स्टसी घेतलेल्याला थकवा आणि तहान कळत नाही. गोव्याच्या दमट रात्री, गर्दीत, तासन्‌तास नाचताना घाम सुकत नाही आणि शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. तिथून स्नायू विरघळायला लागतात, मूत्रपिंडं बंद पडतात. हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही. सावलीत किंवा एसीत न्यायचं, कपडे सैल करायचे, काखा, मान, जांघा इथे बर्फ लावायचा, पंखा लावायचा, १०८ ला फोन करायचा.

आणि पाणी पाजत सुटायचं नाही. ऐकीव सल्ल्याने तीन-चार लिटर पाणी एका दमात प्यायलेल्या मुलामुलींच्या रक्तातलं मीठ पातळ होतं, कारण याच गोळीने शरीर लघवी रोखून धरतं. मग मेंदूला सूज येते. शुद्धीत असेल तर घोट घोट, बस्स. कोकेनबरोबर दारू घेतली की यकृतात दोन्हींपासून तिसरंच रसायन बनतं, ते हृदयाला आणखी वाईट. या परिवारावर उतारा म्हणून द्यायचं एकच औषध नाही. इस्पितळच.

अफूवर्गीयांवर मात्र उतारा आहे.

दोन मिनिटांत काय करायचं

नॅलोक्सोन. १९६१ मध्ये तयार झालेलं, पेटंट केव्हाच संपलेलं, स्वस्त आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेलं इंजेक्शन. ते अफूवर्गीय रेणूला त्याच्या जागेवरून ढकलून तिथे स्वतः बसतं. शिरेतून दिलं तर दोनेक मिनिटांत आणि स्नायूत दिलं तर पाचेक मिनिटांत पहारेकरी जागा होतो. माणसाने अफूवर्गीय घेतलंच नसेल तर नॅलोक्सोनने त्याचं काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की ते फक्त डॉक्टरांच्या हाती न ठेवता नशा घेणाऱ्यांच्या घरच्यांना, मित्रांना द्यावं आणि वापरायला शिकवावं. आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. माझ्या बावीस वर्षांत एकाही आईच्या हातात नॅलोक्सोनची चिठ्ठी मी पाहिलेली नाही. इन्सुलिन टोचायला शिकवतो आपण घरोघरी. हेही शिकवता येतं. ज्यांचं मूल उपचार घेतंय त्यांनी आपल्या मनोविकारतज्ज्ञांकडे हे नाव घेऊन मागावं, यात संकोच नको.

इंजेक्शन नसेल तरीही हात रिकामे नसतात. आधी जोरात हाक मारा, खांदे हलवा. उठला नाही तर मुठीच्या हाडांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात रगडा. झोपलेला माणूस याने कळवळून उठतो. हा उठणार नाही. मग श्वास मोजा. एक श्वास आणि पुढचा श्वास यांच्यामध्ये पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त जात असतील तर ती झोप नाही. पापणी उघडून बुबुळ पाहा, टाचणीच्या टोकाएवढं झालेलं असेल. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा दिसत नाही. ओठांच्या आतली बाजू आणि नखं राखेसारखी दिसतात, तिथे पाहा.

१०८ फिरवा. 'श्वास घेत नाहीये, उठत नाहीये' हे शब्द आधी सांगा, आणि अफूवर्गीय घेतल्याची शंका असेल तर तेही सांगा म्हणजे येणाऱ्याला नॅलोक्सोनची गरज कळेल. मग डोकं मागे करून हनुवटी वर उचला, जीभ वाटेतून निघते. नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, दर पाच-सहा सेकंदांना एक, छाती वर येते का पाहत. या विषबाधेत हृदय शेवटी थांबतं, आधी हवा संपते, म्हणून श्वास देणं हेच मुख्य काम. हृदयही थांबलं असेल तर छाती दाबणं आलं. स्वतः श्वास घेत असेल पण जागा होत नसेल तर एका कुशीवर वळवून ठेवा, वरचा गुडघा पुढे मोडून, तोंड जमिनीकडे. उताणा ठेवलेला माणूस स्वतःच्या उलटीने गुदमरतो.

लिंबू चोळणं, ताक पाजणं, मिठाच्या पाण्याने उलटी काढणं, बादलीभर पाणी ओतणं, कानशिलात मारत राहणं: हे सगळं मी ऐकलंय, आणि प्रत्येकात चार-पाच मिनिटं जातात. हवा बंद झाल्यावर मेंदूला तेवढीच मिनिटं असतात. बेशुद्धाच्या तोंडात घातलेलं ताक फुप्फुसात जातं.

आणि शुद्धीवर आला म्हणजे संपलं असं नाही. नॅलोक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटं. आत गेलेला पदार्थ त्याहून जास्त काळ टिकतो. उतारा ओसरला की श्वास परत मंदावतो. मुलगा उठून बसतो, चिडतो, टर्की लागलेली असते, घरी जायचं म्हणतो, आणि घरचेही लाजेने स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घेऊन येतात. त्या सहीनंतर पुन्हा ती 'झोप' लागू शकते. काही तास देखरेखीखाली राहू द्या.

पोलीस येतील का

फोन करायला उशीर होतो तो याच प्रश्नाने. मित्र त्याला इस्पितळाच्या दारात सोडून पळतात, किंवा खोलीला बाहेरून कडी घालून निघून जातात. त्यांना राक्षस म्हणणं सोपं आहे; ती विशी-बावीशीतली घाबरलेली पोरं असतात.

कायदा काय म्हणतो ते नीट ठाऊक असावं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात कलम २७ खाली सेवन हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्सशी जोडलेले आजार मानसिक आजारांत धरलेत, म्हणजे सरकारी उपचार हा त्याचा हक्क आहे. आणि १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी जीव वाचवायचा, पोलिसांची कागदपत्रं नंतर. कोणताही डॉक्टर, सरकारी असो वा खासगी, याला बांधील आहे. इस्पितळ मेडिको-लीगल नोंद करेल, पोलीस दोन प्रश्न विचारतील, हे खरं. पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत.

जे नाही तेही सांगतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. मित्राचा श्वास थांबला म्हणून फोन करणाऱ्याला तसं संरक्षण अमली पदार्थ कायद्यात नाही. ते असायला हवं. विधानसभेत ड्रग्सवर दर अधिवेशनात आवाज चढतो. एखाद्या आमदाराने हा मुद्दा मांडला तर काही जीव नक्की वाचतील.

बांध उभा ठेवणारं औषध

केंद्रात ठेवून नशा तोडणं म्हणजे उपचार झाला, असं आपण धरून चालतो. अफूवर्गीयांच्या बाबतीत हे अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्याने धोक्याचं आहे. नुसती नशा तोडून, बांध खचवून, पुढची काही सोय न करता घरी पाठवलेला माणूस आत जाताना होता त्याहून मरणाच्या जास्त जवळ असतो. निरोपाला शाल-नारळ देणारी आणि याबद्दल एक अक्षर न सांगणारी केंद्रं आहेत, याचा मला राग येतो.

ब्युप्रिनॉर्फिन हे औषध जिभेखाली ठेवतात. तेही अफूवर्गीयच, पण त्याच्या परिणामाला कमाल मर्यादा आहे. मात्रा वाढवली तरी एका पातळीनंतर श्वास आणखी दबत नाही. टर्की लागत नाही, ओढ कमी होते, आणि बांध उभा राहतो. घसरून कधी पुडी घेतलीच तर ती जुन्या जोराने लागत नाही. मेथाडोन हे याच कामाचं दुसरं औषध. यांवर असताना मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. औषध अचानक बंद केलं की पहिल्या काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. म्हणून 'किती दिवस ही गोळी, आता बंद कर' हा घरच्यांचा आग्रह जिवावर बेततो. एक नशा सोडून दुसरी लावली, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला व्यसनी म्हणता का.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय घेत असल्याचा आणि त्यातल्या ७७ लाखांना मदतीची गरज असल्याचा अंदाज होता. गोव्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, दोन्ही आहेत. तिथे विचारायला लाज वाटत असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेली-मानस, दोन्ही फुकट.

उरलं ते घरातलं बोलणं, आणि ते सगळ्यात अवघड. परत आलेल्या मुलाला कसं सांगायचं की तू पुन्हा घेतलीस तर? बायका म्हणतात, तोंडातून अशुभ कशाला काढा. पण किनाऱ्यावर जीवरक्षक बसतो म्हणून कोणी बुडायला जात नाही. सांगायचं ते एवढंच: तुझं अंग आता नवख्याचं आहे, पूर्वीचं माप तुझं नाही; एकटा असताना नाही, दार लावून नाही, दारूवर नाही; आणि काही झालं तर रागावणार नाही, हाक मार.

गेल्या श्रावणात एक वडील दुकानात आले. मुलगा शुक्रवारी येणार होता, अठ्ठावन्न दिवसांनी. मी औषधाच्या पिशवीवर १०८ लिहिलं, कुशीवर वळवलेल्या माणसाचं वेडंवाकडं चित्र काढलं, श्वास मोजायला शिकवलं. ते बराच वेळ ते चित्र बघत राहिले. मग म्हणाले, "बाथरूमची कडी काढली तर त्याला अपमान वाटेल का?" मी म्हटलं, त्यालाच विचारा. दोन आठवड्यांनी ते परत आले, ब्युप्रिनॉर्फिनसाठी मुलाला बांबोळीला नेऊन आणलेलं. कडीचं मी विचारलं. म्हणाले, मी विषय काढल्यावर काही बोलला नाही. जेवून उठला, ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच काढली.